कारणांचा रकाना

“गोष्ट मला कळली. आता आकडे दे,” बायको म्हणाली.

“कसले आकडे?”

“चौघं मित्र सुट्टीला जंगलातल्या लाकडी घरात जातात. रस्ता खचतो, फोन बंद पडतात, आणि चौघांपैकी एक जण काहीतरी लपवतोय. इथवर ठीक. दारावर थाप पडली की डॉक्टरचं ऐकायचं की मास्तरचं, हे वाचणारा ठरवणार, तेही ठीक. पण कोण कुणावर किती विसंबतो हे संगणकाला कोण सांगणार? त्याला ‘जिवाभावाचा मित्र’ वगैरे काही समजत नाही. शंभरपैकी किती, ते सांग.”

नवरा विमा कंपनीत सर्व्हेअर होता. कुणाची गाडी झाडावर आपटली, कुणाच्या गोदामात पाणी शिरलं, की हा वही आणि टॉर्च घेऊन हजर. नुकसान कसं झालं आणि चूक कुणाची किती टक्के, हे ठरवण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. बायको सॉफ्टवेअर कंपनीत होती. गेली तीन वर्षं दोघं मिळून मोबाइलवर वाचायची एक चित्रकादंबरी तयार करत होते. पडद्यावर चित्र, खाली संवाद, मध्येच प्रश्न, आणि वाचणारा जे उत्तर देईल त्या वाटेने गोष्ट वळणार. लिहायचं त्याने, संगणकात घालायचं तिने. अशा गोष्टी विकणाऱ्या एका कंपनीने महिनाअखेरीस बघू म्हणून सांगितलं होतं. अट एकच, आधी तीन बाहेरच्या माणसांनी ती वाचून पाहिलेली हवी.

आकडे द्यायचे म्हटल्यावर सर्व्हेअरला हुरूप आला. त्याने टेबल आखलं. पात्राचं नाव, भरवसा शंभरपैकी किती, आणि शेवटी कारणांचा रकाना. कारण लिहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, ही त्याच्या हाताला लागलेली सवय. आता कादंबरीतली पात्रं पूर्ण काल्पनिक होती, हे सांगायलाच हवं. खऱ्या आयुष्यात त्याचा एक मित्र दातांचा डॉक्टर होता, म्हणून कादंबरीत त्याने डोळ्यांचा डॉक्टर घेतला. दुसरा मित्र भूगोलाचा मास्तर होता, तर कादंबरीत इतिहासाचा. तिसरा छापखाना चालवायचा. शाळेत काडी पैलवान होता म्हणून त्याला सगळे बारक्या म्हणत, आणि आता तो गाडीत बसला की गाडी त्याच्या बाजूला कलायची तरी बारक्याच म्हणत. कादंबरीत त्याला किडकिडीत केला. एवढा बंदोबस्त केल्यावर ओळखणार कोण?

कारणं मात्र कल्पनेतून येईनात. मग त्याने ती जिथे होती तिथून आणली. हे चौघं मित्र दर वर्षी तीन दिवस तळ्याकाठच्या एका लाकडी घरात जायचे. घर गावापासून दूर, फोन लागत नाही असं. एकोणीस वर्षांत एकदाही खंड नाही. एकोणीस वर्षांची सामग्री सर्व्हेअरच्या डोक्यात तारीखवार होती. ती त्याने ऑफिसच्या भाषेत उतरवून काढली आणि बायकोच्या हवाली केली.

बायकोचीही एक सवय होती. कामाच्या मजकुरातलं ती कधी काही पुसत नसे. अशा टिपा फक्त तपासणाऱ्याला दिसतील अशी सोय करून ठेवायची आणि पुढे व्हायचं. “तपासायला कोण आहेत?” तिने विचारलं. “तिघं आहेत, भरवशाचे आहेत,” सर्व्हेअर म्हणाला. तिला वाटलं ऑफिसातले असतील. तिने तपासणीची प्रत त्याच्या फोनवर पाठवली, त्याने ती तिघा मित्रांना पाठवली, आणि दोघं समाधानाने झोपले.

रविवारी दुपारी मास्तरचा फोन आला.

“चाळीस?” मास्तर म्हणाला.

“काय चाळीस?”

“शंभरपैकी चाळीस. माझ्या वर्गातल्या ढ पोरालाही मी पंचेचाळीस देतो.”

“अरे, कशाबद्दल बोलतोयस?”

“वाचून दाखवतो. मी दारावर थाप पडल्यावर मास्तरला विचारायचं ठरवलं. लगेच पिवळी चौकट उघडली. ‘इतिहासाचे शिक्षक. भरवसा चाळीस. कारण: नकाशा वाचता येत असल्याचा दावा. आजतागायत सात वेळा रस्ता चुकला. प्रत्येक वेळी चूक रस्त्याची असल्याचे निवेदन. वजा वीस.’”

सर्व्हेअर खुर्चीतून उठला. “ते... ते काल्पनिक आहे.”

“काल्पनिक? खाली लिहिलंय, ‘पुरावा: फोटो क्रमांक तीन. सदर इसम मेंढपाळाला आपण कुठे आहोत ते विचारत आहे.’ तो फोटो माझ्या घरात भिंतीवर आहे!”

सर्व्हेअरने सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला. पात्र वेगळं, विषय वेगळा, इतिहास कुठे, भूगोल कुठे. मास्तरने ते सगळं ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “ते जाऊ दे. माझे दोष मला माहीत आहेत. पण बारक्याला पंचावन्न कसे?”

संध्याकाळी डेंटिस्ट स्वतःच घरी आला. हातात एक्स-रेचं पाकीट होतं.

“वहिनी, दिवा लावा,” तो म्हणाला, आणि एक्स-रे दिव्यासमोर धरला. “ही बघा तुमच्या नवऱ्याची दाढ. अकरा वर्षांपूर्वीची. ह्याने लिहिलंय, ‘दुखत असलेली दाढ सोडून शेजारची काढली. वजा तीस.’ शेजारचीही किडलेली होती की नाही? दिसतंय की नाही?”

“दिसतंय, भावोजी,” बायको म्हणाली. तिला ढग दिसत होते.

“पण दुखत होती ती?” सर्व्हेअर म्हणाला.

“ती दुसऱ्या दिवशी काढली ना! आणि दुसरं काय लिहिलंयस? गाडी चिखलात रुतली तेव्हा ‘कुणीतरी स्टिअरिंग धरायला हवं’ म्हणून मी आत बसलो.”

“बसला होतास.”

“मग धरायला नको?”

“गाडी बंद होती. आणि तू मागच्या सीटवर बसला होतास.”

डेंटिस्टने एक्स-रे पाकिटात घातला. “तीस,” तो म्हणाला. “शंभरपैकी तीस. सगळ्यांत कमी मला. तुला शाळेत असताना कुणी डबा दिला होता रे रोज?” आणि चहा न घेता गेला. तो चहा न घेता गेला ही गोष्ट सर्व्हेअरला दाढेपेक्षा जास्त लागली.

खरा घोटाळा केला तो बारक्याने. तो चिडलाच नाही. “पंचावन्न! लेका, एवढे मार्क मला शाळेतसुद्धा नव्हते!” तो फोनवर गडगडाटी हसला. मग त्याने तिघांच्या पिवळ्या चौकटींचे फोटो काढून चौघांच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, ‘पहिला आलो.’ आतापर्यंत ज्याचं त्यालाच माहीत होतं ते आता सगळ्यांना झालं.

सोमवारपासून ग्रुपवर दावे दाखल होऊ लागले. मास्तरने सात चुकलेल्या रस्त्यांपैकी तीन रस्ते खरोखरच बदलले होते हे नवे-जुने नकाशे शेजारी शेजारी ठेवून सिद्ध केलं. त्यावर डेंटिस्टने विचारलं, की उरलेल्या चारांचं काय. मास्तरने उत्तरादाखल डेंटिस्ट दर वर्षी भांडी घासायची पाळी आली की नेमका पेशंटचा फोन आलाय म्हणून बाहेर जायचा, आणि तिथे फोन लागतच नाही, ही बाब निदर्शनास आणली. पेशंटचा फोन! एकोणीस वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सर्व्हेअरच्यासुद्धा नाही, आणि त्याला त्या अवस्थेतही स्वतःची थोडी लाज वाटली.

बुधवारी बारक्याने सहज लिहिलं, ‘माझ्या खात्यात उकडलेल्या अंड्याचे दहा वजा आहेत. ते अंडं मी खाल्लं नव्हतं. पण असू दे.’

मग डेंटिस्टने, बहुधा आपला आकडा प्रामाणिकपणावर तरी वाढेल या आशेने, लिहिलं, ‘मी खाल्लं होतं.’

‘नऊ वर्षांपूर्वी?’ बारक्याने विचारलं.

‘हो.’

‘नऊ वर्षं तुम्ही मला अंडंचोर म्हणताय. माझ्या बायकोसमोर म्हणता. मुलीसमोर म्हणता. आणि तू त्यात हसत होतास.’

डेंटिस्ट काहीतरी टाइप करत असल्याचं दिसत राहिलं. ते पोचायच्या आत बारक्या ग्रुपमधून बाहेर पडला.

पंचावन्न हसून साजरे करणारा माणूस अंड्यावरून जाईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण ज्याला काहीच लागत नाही असं आपण धरून चालतो, त्याला नेमकं काय लागेल सांगता येत नाही. तळ्यावर जायला नऊच दिवस उरले होते. मोठी गाडी बारक्याची. बारक्या येणार नाही. बारक्या नाही म्हणून मास्तर येणार नाही. आणि डेंटिस्ट म्हणाला की त्या दिवशी त्याला पेशंट आहेत.

सर्व्हेअर जेवेना. “एकोणीस वर्षं गं,” तो बायकोला म्हणाला. “पोरांच्या परीक्षा आल्या, आजारपणं आली, एकदा माझा पाय प्लास्टरमध्ये होता, तरी गेलो. आणि आता एका रकान्यासाठी...”

“रकाना तुझा.”

“चौकट तुझी.”

दोघांनीही आपापली टक्केवारी मनात मोजली. शेवटी बायको म्हणाली, “सोपं आहे. सगळ्यांना शंभर दे. कारणं काढून टाकते. नवी प्रत पाठव, विषय मिटला.”

त्याने सगळ्यांना शंभर दिले. नव्या प्रतीत दारावर थाप पडताच चौघं मित्र एकमुखाने दार उघडायचं ठरवत. बाहेर संशयास्पद मनुष्य उभा असे. त्याच्यावरही सगळे विश्वास ठेवत. चौघांपैकी जो काहीतरी लपवत असे, तो ते तिसऱ्या मिनिटाला आपणहून सांगून टाके, आणि चौथ्या मिनिटाला रस्ता मोकळा होऊन सगळे घरी जात. कंपनीने ती बघितली आणि नम्रपणे कळवलं, की मैत्री छान आहे, भीती कुठे आहे? पंधरा दिवसांत सापडली तर कळवा.

मित्रांना ती प्रत आणखी झोंबली. “शंभर?” मास्तर म्हणाला. “म्हणजे पेपर न तपासता मार्क. आमच्यात असं केलं तर सस्पेंड करतात.” डेंटिस्ट म्हणाला, “दया नकोय मला. तीसच दे, पण तपासून दे.”

आणि मग डेंटिस्टनेच, जुनी प्रत पुन्हा चाळता चाळता, ती चौकट शोधून काढली. कादंबरीतला चौथा मित्र, म्हणजे गोष्ट सांगणारा. नोकरी: विमा सर्व्हेअर. तेवढा बदल करायचा राहूनच गेला होता. भरवसा: शंभर. कारण: ‘तपासणी आवश्यक नाही.’

अर्ध्या तासात बारक्या ग्रुपमध्ये परत आला.

“आवश्यक नाही?” त्याने लिहिण्याऐवजी फोनच केला. तिघं एकाच खोलीत होते. मागून डेंटिस्टच्या दवाखान्यातल्या पाण्याच्या पिचकारीचा आवाज येत होता. “कोणी ठरवलं आवश्यक नाही?”

“सर्व्हेअर स्वतःचा सर्व्हे करत नाही. तसा नियम आहे,” सर्व्हेअर म्हणाला, आणि म्हणताक्षणीच त्याला कळलं की बावीस वर्षांत इतकं वाईट उत्तर त्याने कुठल्याही दावेदाराच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

“ऐक,” मास्तर म्हणाला. “आम्ही येतोय तळ्यावर. तूही येतोयस. पण या वेळी तपासणी सगळ्यांची होणार. बारक्या नोंदवह्या छापतोय. प्रत्येकाने बाकीच्या तिघांची नोंद ठेवायची. वजा, अधिक, कारण, साक्षीदार.”

फोन ठेवल्यावर सर्व्हेअर आनंदाने दोन पोळ्या जास्त जेवला. मित्र परत आले होते. कशासाठी का होईना, आले होते.

बारक्याने नोंदवह्या झकास छापल्या होत्या. जाड पुठ्ठा, लाल कड, पानापानाला क्रमांक. शुक्रवारी सकाळी गाडीत बसताना चौघांच्या खिशाला चार पेन होती. डेंटिस्टने सगळ्यांचं सामान एकट्याने चढवलं. मास्तर फोन सांगेल त्या वळणावर “बरोबर” म्हणत राहिला आणि एकदाही “मला एक जवळचा रस्ता माहीत आहे” म्हणाला नाही, त्यामुळे ते दीड तास लवकर पोचले आणि घर अजून झाडलेलंही नव्हतं. बारक्या वाटेत एकच सँडविच खाऊन “पुरे” म्हणाला. ते ऐकून सर्व्हेअरला त्याच्या तब्येतीची काळजी वाटली.

घरात पोचल्यावर तर शिष्टाचाराला ऊत आला. खिडकीजवळच्या पलंगावरून एकोणीस वर्षं मारामाऱ्या झाल्या होत्या. या वेळी प्रत्येकाने तो दुसऱ्याला देऊ केला, आणि शेवटी त्यावर कुणीच झोपलं नाही. पत्ते काढले, पण कुणी पान चोरेना, कुणी कुणाच्या हातात डोकावेना, आणि डाव वीस मिनिटांत आटोपून चौघं एकमेकांना “छान खेळलास” म्हणाले. बशीतलं शेवटचं बिस्किट दोन दिवस तसंच राहिलं. भांडी घासायला चौघंही एकदम उठत आणि मोरीशी गर्दी होई. बोलणं कमी झालं, कारण बोललेलं लिहिलं जाई. मास्तर “हवा छान आहे” म्हणाला, तेव्हा तिघांनी खिडकीबाहेर बघून खात्री केली.

शनिवारी दुपारपर्यंत चारही वह्या कोऱ्या होत्या. सर्व्हेअर पायरीवर बसून तळ्याकडे बघत होता आणि त्याला फार वाईट वाटत होतं. आत तीन सज्जन गृहस्थ एकमेकांशी आदराने वागत होते. या तीन सज्जनांना तो ओळखत नव्हता. त्याचे मित्र कुठे गेले होते? आदळआपट करणारे, खोटं बोलणारे, पाळी टाळणारे, एकमेकांच्या ताटातलं उचलणारे? त्यांना त्यानेच आकडे लावून घालवून दिलं होतं. ही सहल अशीच संपली असती, तर पुढच्या वर्षी प्रत्येकाने नम्रपणे काहीतरी काम काढलं असतं आणि एकविसावं वर्ष कधीच उगवलं नसतं.

कुणीतरी काहीतरी चुकायला हवं होतं. मोठं, घसघशीत चुकायला हवं होतं. आणि तीन वह्यांच्या धाकाखाली ते कुणी करणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं.

“तुम्ही व्हा पुढे तळ्यावर,” तो आत जाऊन म्हणाला. “मी दार लावून आलोच.”

घराच्या दाराला आपोआप बसणारं कुलूप होतं. बाहेरून ओढलं की बसलं. किल्ली एकच, ती आत खिळ्याला असायची. दुसरी राखणदाराकडे, आणि राखणदार राहायचा तीन किलोमीटरवर. सर्व्हेअरने गॅस बंद केला. सिलिंडरचाही बंद केला. नळ तपासले. सगळ्या खिडक्या लावल्या, एक मोरीची झडप सोडून. संध्याकाळी गार पडतं म्हणून चौघांचे स्वेटर घेतले. ब्रेड, केळी, काटे-चमचे आणि चहाचा थर्मास टोपलीत भरला. बारक्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या. मग किल्ली खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवली, म्हणजे खिडकीतून दिसेल आणि उगाच शोधाशोध होणार नाही. बाहेर आला. एकदा परत आत जाऊन किल्ली जरा मधोमध सरकवली. आणि दार ओढून घेतलं.

गेली बावीस वर्षं, मुद्दाम केलेलं नुकसान अपघात म्हणून दाखवणाऱ्या माणसांना पकडणं हे त्याचं काम होतं. जाळलेली गोदामं, ढकललेल्या गाड्या, आपणहून फुटलेल्या काचा. एकाचीही त्याने गय केली नव्हती. आता त्याने दोन्ही हात डोक्याला लावले आणि त्या सगळ्यांकडून शिकलेला आवाज काढला.

“घात झाला! किल्ली आत राहिली!”

मित्र वाटेवरून परत आले. बारक्याने काचेतून किल्ली बघितली. मग मास्तरने बघितली, मग डेंटिस्टने. ते आता “होतं असं कधीकधी” म्हणाले असते, तर तो रडलाच असता.

“गाढवा!” बारक्या म्हणाला.

दोन दिवसांतला तो पहिला मनापासूनचा शब्द होता. त्यानंतर धरण फुटलं.

“शंभरपैकी शंभर!” मास्तर ओरडला. “तपासणी आवश्यक नाही! अरे, दुसऱ्यांच्या दाढा मोजतोस, तुझं डोकं कुठे असतं?”

“दार लावून आलोच म्हणे! लावलंस बाबा, चांगलं लावलंस!”

“चुकून झालं रे,” सर्व्हेअर म्हणाला. “चुकून झालं.”

“सगळे असंच म्हणतात!”

मास्तर म्हणाला, राखणदाराच्या घराचा जवळचा रस्ता त्याला माहीत आहे. कुणी अडवायच्या आत तो झाडीत दिसेनासा झाला. डेंटिस्ट म्हणाला, कुलूप आणि दात यांत तत्त्वतः फरक नाही. त्याने टोपलीतला काटा घेऊन कुलपाच्या तोंडात घातला, डोळे बारीक केले, आणि काट्याचा एक दात आत मोडून ठेवला. “हेच जरा शेजारच्या दारात केलं असतं, तर बरं झालं असतं,” बारक्या म्हणाला, आणि स्वतः मोरीच्या झडपेकडे गेला.

“तू?” डेंटिस्ट म्हणाला.

“बारक्या कोण आहे? मी आहे!”

तो छातीपर्यंत आत गेला. मग गेला नाही, आणि आलाही नाही. डेंटिस्ट आणि सर्व्हेअर एकेक पाय धरून ओढत होते. आतून बारक्याचा आवाज घुमत येत होता, की अंडी खाल्ली दुसऱ्याने, अडकतोय मी. डेंटिस्टचा हात हसून हसून सुटत होता. “माफ कर रे,” तो पाय ओढता ओढता म्हणाला. “अंड्याचं. नऊ वर्षं सांगायचं होतं, पण दर वर्षी एक वर्ष वाढत गेलं.”

“आधी मला काढ,” आतून उत्तर आलं. “मग माफीचं बघू.”

तासाभराने, बारक्या एकदाचा बाहेर निघाला तोच, झुडपं हलली आणि मास्तर आला. राखणदाराकडून नव्हे, घराच्या मागच्या बाजूने. त्याने घराकडे बघितलं. “अरे, इथेही असंच एक घर आहे,” तो म्हणाला.

मग मात्र चौघंही गवतावर आडवे झाले. बारक्याच्या पोटावर झडपेचा चौकोन उमटला होता. मास्तर “रस्ताच बदललाय” हे शपथेवर सांगत होता. कुणीतरी स्वेटर वाटले, कुणीतरी थर्मास उघडला, आणि ब्रेडच्या कडांवरून पहिली मारामारी झाली.

“हे सगळं घाल कादंबरीत,” बारक्या तोंड भरून म्हणाला. “त्या शंभर-शंभरवाल्यांना कोण वाचणार? मी अडकतो ते घाल. मास्तर हरवतो ते घाल. आकडेही घाल जुने. फक्त मला किडकिडीत करू नकोस, अपमान वाटतो.”

दिवस कलायच्या सुमारास राखणदार आपणहून जळण घेऊन आला. दुसरी किल्ली त्याच्याकडे होती, पण कुलपात काट्याचा दात होता. शेवटी त्याने एक काच फोडून आत हात घातला. काच कुणी फोडायला लावली यावर आत शिरताना पुन्हा भांडण झालं, आणि त्या भांडणातच दिवे लागले, गॅस पेटला, पत्ते वाटले गेले.

“थांबा,” मास्तर म्हणाला. “नोंद राहिली.” त्याने वही उघडली. पान एक. “सर्व्हेअर. किल्ली आत ठेवून दार ओढले. वजा पंचवीस. कारण?”

“निष्काळजीपणा,” सर्व्हेअर मान खाली घालून म्हणाला. ही खोटी कबुली होती, आणि ती देताना त्याला अजिबात लाज वाटत नव्हती.

“साक्षीदार?”

डेंटिस्टने पेन मागितलं.

“मी आहे,” तो म्हणाला. “मी टोपी विसरलो म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आलो होतो. झाडाखाली उभा होतो. सगळं बघितलं.”

सर्व्हेअरने हातातली पानं खाली ठेवली. डेंटिस्टने त्याच्याकडे शांतपणे बघितलं. दाढ काढायच्या आधी बघायचा तसं.

“सपशेल विसरला,” डेंटिस्ट म्हणाला. “ह्या डोळ्यांनी पाहिलं. धांदरट आहे नुसता. लिही पंचवीस.” आणि त्याने खाली ठसठशीत सही केली.

थोड्या वेळाने सर्व्हेअर हात धुवायला बाहेर गेला, तर डेंटिस्ट पायरीवर येऊन शेजारी बसला.

“किल्ली विसरणारा माणूस,” डेंटिस्ट म्हणाला, “चार स्वेटर घेऊन बाहेर पडत नाही. गोळ्या घेऊन तर नाहीच नाही.”

सर्व्हेअरने ओले हात पुन्हा एकदा झटकले.

“पुढच्या वेळी जरा नीट विसर,” डेंटिस्ट म्हणाला, आणि उठून आत गेला, कारण आत बारक्या ओरडत होता, की मास्तरने एक्का मांडीखाली लपवलाय. सर्व्हेअरने स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले आणि तोही भांडायला आत गेला.